नववं बटण

ओनेझिम लाव्हर्दुरला मुलीचं नाव आठवत नव्हतं,
दुपारी जेवलो की नाही, तेही.
आम्ही टेपरेकॉर्डर उशाशी ठेवला
तसे त्याचे पाय पलंगाखाली सपाता शोधू लागले.
टाच, चवडा, टाच.
वृद्धाश्रमाची फरशी वाजू लागली
आणि मग गाणं आलं,
पायांनीच कुठूनतरी ओढून आणल्यासारखं.

नऊ बटणांचा कोट घालून एक लाकूडतोड्या निघतो,
नदीच्या दर वळणावर एक बटण देतो:
नावाड्याला एक, खानावळवालीला एक,
पाद्रीबाबाला एक. तो दोन मागतो.
आठव्यापर्यंत म्हातारा कुठं अडखळला नाही.
मग थांबला. खिडकीकडे पाहिलं.
"पुढचं गेलं," म्हणाला,
आणि थेट दहावं: सकाळ झालीय,
पैलतीरावर, कुंपणावर, कोट वाळत टाकलाय.

पण नदी कधी ओलांडली?

जानेवारीत तो वारला. जमीन दगड झालेली.
पुरायला मे उजाडला.

आम्ही चौघं मंगळवारी जमतो
फर्नांदच्या स्वयंपाकघरात, सहाव्या रांगेत, शेवटून दुसरं घर.
फर्नांद शाळेची बस चालवते. रेज्यां नळ दुरुस्त करतो.
अ‍ॅलिक्स शिकतेय; काय, ते दर वर्षी बदलतं.
मी खालचा सूर धरतो.
वाद्य नाही. चार गळे, आठ टाचा,
आणि प्लायवूडची एक फळी, जी फर्नांदचा नवरा
दर हिवाळ्याआधी नवी कापून देतो, कुरकुरत.
एकानं ओळ टाकायची, तिघांनी झेलायची.
झीलकऱ्याचं काम लोकांना सोपं वाटतं.
आत्ताच ऐकलेलं
आत्ताच कळल्यासारखं परत द्यायचं,
बावीस वर्षं.

रेज्यां म्हणाला, नववं आपणच रचू.
दोन तर ओळी. कुणाला कळणार?
अ‍ॅलिक्स म्हणाली, मला कळेल.
सूप निवून गेलं त्या भांडणात.
शेवटी ठरलं: नवव्याच्या जागी गळे गप्प.
नुसते पाय.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते
तसं दर वेळी तिथं जायचं, आणि परत यायचं.

फेब्रुवारी. चर्चचं तळघर. बाहेर उणे सत्तावीस.
ओल्या लोकरीचा वास, वाटाण्याच्या सूपचा वास.
सत्तर खुर्च्या मांडलेल्या, एकेचाळीस भरलेल्या.
नववं आलं. आम्ही ओठ मिटले.
फळीवर पाय चालत राहिले
अंधारात कुणी पाण्यातून चालावं तसे.
लोकांना वाटलं, ही श्रद्धांजली.
एकानं टोपी काढली.
मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

नंतर पार्किंगमध्ये, इंजिनं सुरू, आम्ही काचा खरवडतोय,
तर काठी टेकत एदविज वाशों आली. वय ब्याण्णव.
"विसरला? ओनेझिम? 
खोलीत कोण कोण होतं त्या दिवशी?"
आम्ही आठवू लागलो. आम्ही चौघं. परिचारिका.
आणि खिडकीजवळ विणत बसलेली
फर्नांदची आत्या, मठातली.
अरे देवा, म्हणाली फर्नांद.

एदविजनं काठीनं बर्फावर ठेका धरला
आणि नववं कडवं गायलं,
अख्खं, दोनदा, वाफेच्या ढगात उभं राहून.
रेज्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या
त्या काही थंडीनं नव्हे.
तुम्हाला हे कुणी शिकवलं, मी विचारलं.
ती गाडीत बसली. पट्टा लावला.
मग काच चार बोटं खाली करून म्हणाली,
"त्याच्या कोटाला बटणं कोण लावून देत होतं,
असं वाटतं तुम्हाला?"

आम्ही अजूनही नवव्याला गप्पच राहतो.
फक्त पायांना आता ठाऊक आहे
नदी कुठं उथळ आहे ते.
अ‍ॅलिक्सनं ते कडवं कुठंही लिहून ठेवलेलं नाही.
ज्याला हवं त्याला गाऊनच देईन म्हणते,
खोलीत कोण बसलंय ते आधी बघून.